ठेवायला दिलेली किल्ली

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला मी जासईच्या एका कंटेनर यार्डात पंख्याखाली बसून लिंबू सरबत पीत होतो. आणि त्याच अकरा चाळीसला मी आमच्या सर्व्हरवर लॉगिन होऊन नऊ मिनिटं बसलो होतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, आणि लॉगिनची यादी खोटं बोलत नाही. तिला खोटं बोलायचं कारणच नसतं. हे मला दिसलं तो शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. ऑफिसात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण चार वाजता पुण्याहून मिताली नावाची बाई येणार होती आणि सत्यजीत सरांनी विकलेली आमची कंपनी ताब्यात घेणार होती. कंपनी म्हणजे नवीन पनवेलच्या एका शॉपिंग सेंटरातले दुसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे, सहा माणसं, आणि तिकडे महापेला एका थंडगार खोलीत ठेवलेलं एक अख्खं यंत्र, ज्यावर आमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या कंपनीचं बिऱ्हाड नाही. पनवेल-उरणच्या दीडएकशे लोकांच्या वेबसाईट आणि मेल त्याच्यावर. शाळा, ट्रान्सपोर्टवाले, वकील, एक पॅथॉलॉजी लॅब. त्या यंत्राचा रूट मी. रूट म्हणजे असा माणूस, ज्याला त्या यंत्रात कुठलंही दार बंद नाही; कुणाचीही फाईल उघडेल, बदलेल, पुसेल, आणि वर कुणाला उत्तर देणार नाही. दहा वर्षं हा मान माझ्या एकट्याकडे होता. आज तो द्यायचा होता, म्हणून घर सोडताना कोपरे झाडतात तसं मी सगळं बघून घेत होतो, आणि त्यात हे मंगळवारचं सापडलं.

आधी वाटलं, चोर. आणि थोडा आनंदही झाला, हे कबूल करायला हवं. दहा वर्षांत एकदा तरी चोर यावा असं प्रत्येक राखणदाराला वाटत असतं. मग मी तो लॉगिन कुठून झाला त्याचा इंटरनेटवरचा पत्ता बघितला. तो पत्ता मला पाठ आहे. संध्याकाळी घरून काम करता यावं म्हणून मीच तो कायमचा घेतलेला आहे. माझ्या घराचा. सेक्टर पंधराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा, जिथे मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला एकच माणूस असतं, आणि ते माणूस म्हणजे किशोरी, माझी बायको. मी खुर्चीतून उठून बाहेरच्या गॅलरीत गेलो. खाली रिक्षावाले ओरडत होते, मागे हायवेवरून न्हावा शेव्याच्या ट्रकांची घरघर चालू होती, ती तर बारा महिने तेरा काळ असते. कठडा तापला होता. हात ठेवला, काढला, परत ठेवला. परत आत आलो आणि पाणी प्यायलो आणि मला कळलं की मी घाबरलोय. चोर असता तर एवढा घाबरलो नसतो.

सत्यजीत सर सुरुवातीला मला चिडवायचे, तळे राखील तो पाणी चाखील, कुंदन, तू कुणाकुणाच्या मेल वाचतोस ते सांग एकदा. मी चिडायचो. खरोखर चिडायचो. गावातल्या निम्म्या वकिलांची लफडी माझ्या हाताखाली पडलेली असताना मी एक पत्र उघडलेलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा एका शिक्षिकेची मेल काढून द्या म्हणून आडून आडून सुचवलं, तेव्हा मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. लग्नाच्या समारंभात लोक मला विचारायचे, नक्की काय करता तुम्ही, तेव्हा मी म्हणायचो, मी बघत नाही. हेच माझं काम, न बघणं. लोकांना तो विनोद वाटायचा आणि मला त्याचा फार अभिमान होता. हा अभिमान मी घरातूनच आणला होता.

आमचं गाव खाडीवरचं. माझे बाबा, दयाराम, होडीवर जायचे, आणि गावदेवीच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली आमच्या घराकडे होती. पेटी आमच्याकडे नव्हती. ती पाटलांच्या घरी. किल्ली एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे, आणि जत्रेच्या सकाळी दोघं समोरासमोर बसले की मगच उघडायची, असा रिवाज. बाबांच्या करगोट्याला ती किल्ली असायची, आंघोळीलासुद्धा. फक्त समुद्रावर जाताना ते ती काढून आईच्या हातात द्यायचे. माणूस बुडाला तर बुडू दे, देवीची किल्ली बुडता कामा नये. आई, रंभाबाई, ती पदराला बांधायची, आणि बाबा परत येईपर्यंत पाटलांच्या दारावरूनसुद्धा जायची नाही. विहिरीला लांबचा वळसा घालून जायची. लहानपणी मी विचारलं होतं, का गं. ती म्हणाली, किल्ली माझ्याकडं हाय ना, मंग पेटीच्या जवळ कशाला जायचं. पुढे बंदराने आमची मिठागरं गेली, होडी गेली, पाटलांचं घरही रस्त्यात गेलं. पेटी आता कुठल्याशा बँकेत असते. पण किल्ली देण्याची सवय रक्तात राहिली आणि तिने माझ्याकडून आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा करवून घेतला. दोन हजार सहा साली कंपनीने मला ट्रेनिंगला चेन्नईला पाठवलं. पहिल्यांदा विमानात बसणार होतो. निघायच्या आधी मी रूटचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला आणि किशोरीच्या हातात दिला. विमान पडलं तर पडू दे. मी नसताना मशीन अडलं तर तू बघ, म्हणालो. तिने चिठ्ठी घडी करून स्टीलच्या डब्यात, आमच्या लग्नपत्रिकेखाली ठेवली. मी परत आलो. चिठ्ठी डब्यातच राहिली, आणि दर तीन महिन्यांनी मी पासवर्ड बदलला की घरी जाऊन त्या चिठ्ठीवर जुना खोडून नवा लिहायचो. हात लिहायचा. डोकं त्यात नसायचं. कुठल्याही पोरसवदा इंजिनिअरला हे सांगितलं तर तो मला नोकरीवरून काढायला सांगेल.

किशोरीला मशीनमधलं कळतं. आम्ही भेटलोच मुळी पनवेलच्या एका कॉम्प्युटर क्लासात, आणि तिने माझ्याआधी सगळ्या कमांड पाठ केल्या होत्या. लग्नानंतर चार वर्षं ती याच ऑफिसात होती, त्या खिडकीजवळच्या टेबलावर. मग डॉक्टरांचं सुरू झालं, विश्रांती घ्या, धावपळ नको, आणि तिने नोकरी सोडली. आता घरी बसून कोर्टातल्या वकिलांचं टायपिंग करते. मी हे सगळं असं सरळ सांगतोय, जसं काही हे आपोआप घडलं. मग डॉक्टरांचं सुरू झालं. कुणी सुरू केलं?

मी एक फाईल बघितली होती. एकच. दोन हजार सात सालच्या नोव्हेंबरात. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तपासण्या दोघांच्याही करू. माझा नमुना लॅबमध्ये गेला, आणि लॅबच्या साईटचं सगळं आमच्या यंत्रावर. त्या काळात लॅब रिपोर्ट साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवायची, डॉक्टर आपल्या दवाखान्यातून ते बघायचे. तो माझाच रिपोर्ट होता. स्वतःचं पत्र वाचलं तर त्यात चोरी कसली, असं मी स्वतःला समजावलं आणि डॉक्टरच्या आधी तो उघडला. भर दुपार होती, रजेवर असलेल्या किशोरीच्या रिकाम्या टेबलावर कुणीतरी टिफिन उघडला होता आणि लोणच्याचा वास येत होता. शुक्राणूंच्या ओळीत एक आकडा होता. शून्य. मी ती ओळ तीनदा वाचली. मग माझ्या हातांनी जे केलं ते इतकं नीटनेटकं केलं की आजही मला त्याचंच जास्त भय वाटतं. शून्याच्या जागी मी नॉर्मल माणसाचा आकडा टाकला. खालचा शेरा बदलला. फाईलीची तारीख मागे नेऊन होती तशी केली, म्हणजे कुणी बघितलं तर लॅबनेच लिहिलंय असं दिसावं. सात मिनिटं लागली असतील. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून प्रसन्न हसल्या आणि किशोरीला म्हणाल्या, यांचं सगळं छान आहे, आता आपण तुमच्याकडे बघू.

आणि बघितलं. सोळा महिने बघितलं. इंजेक्शनं, पोटाला तीन भोकं पाडून आत दुर्बीण घालून बघणं, परत इंजेक्शनं. तिच्या दंडावर हिरवे-जांभळे डाग पडायचे. मी तिला रिक्षातून न्यायचो, आणायचो, शहाळं आणून द्यायचो. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. माझी आई दर पंधरवड्याला कुठल्या ना कुठल्या देवाचा दोरा घेऊन यायची आणि किशोरीच्या उजव्या दंडाला बांधायची. जुना काढायचा नाही, नवा त्याच्यावर. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे एक वाक्य. पण एका वाक्यामागे आता ते तीन टाके होते, आणि पुढच्या महिन्यात आणखी काही जमा व्हायचं, आणि वाक्य जड होत जायचं. मी लोकांच्या मेल उघडत नाही हे मी त्याच वर्षांत जास्त मोठ्याने सांगायला लागलो.

एवढं आठवून होईपर्यंत अकरा वाजून गेले होते. मी मंगळवारच्या पलीकडे, मागे मागे, यादी बघायला सुरुवात केली. जुनी यादी मी कधी पुसत नाही, तोही एक अभिमान. संध्याकाळी मी घरून लॉगिन होतोच, त्यामुळे घराचा पत्ता शेकडो वेळा होता आणि कधी डोळ्यांत भरला नव्हता. आता मी फक्त त्या दिवसांच्या ओळी वेगळ्या काढल्या ज्या दिवशी मी पनवेलमध्ये नव्हतो. डायरी घेतली आणि ताडून बघितलं. मी पुण्याला, घरून नऊ मिनिटं. मी उरणला मामांच्या कार्याला, घरून सात मिनिटं. मी जासईला, नऊ मिनिटं. मी गेलो की ती यायची. मी सांगितलंच होतं ना, मी नसताना बघ. तिने ते पाळलं होतं, इतकी वर्षं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मला हायसं वाटायला लागलं. हसूही आलं. मग चौदा मार्च दोन हजार नऊ आलं. एक्केचाळीस मिनिटं.

त्या दिवशी बाबांचा दहावा होता. मी खाडीवर होतो, डोकं भादरलेलं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत. किशोरी दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून आली होती, म्हणून तिला घरीच ठेवली होती. सर्व्हर त्या दिवशी अडला होता, हे मला नंतर कळलं होतं. डिस्कवरची जागा भरली होती, सरांनी माझा फोन लागेना म्हणून घरी केला होता, आणि नंतर म्हणाले, आपोआप सुटलं बघ. आपोआप काही सुटत नाही, मला कळायला हवं होतं. रूटने दिलेल्या प्रत्येक कमांडची यंत्र वेळेसकट नोंद ठेवतं. ती नोंद उघडावी की नाही, यावर मी किती वेळ घालवला सांगता येत नाही. चहा आला, त्यावर साय धरली. बायकोचं पत्र उघडण्यासारखंच ते होतं, आणि तरी मी उघडलं, कारण तळ्याचं पाणी मी तसंही चाखलेलंच होतं. तिने आधी जागा कुठे कुठे भरलीय ते बघितलं होतं. शिकवल्याप्रमाणे. मग जुन्या, पडून राहिलेल्या फाईली शोधल्या होत्या. मग रूटच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आली होती, आणि तिथे एक फाईल उघडली होती, जिचं नाव माझं होतं आणि नावाच्या शेवटी 'जुनी' असं होतं.

मला ती फाईल माहीत नव्हती. म्हणजे मीच केलेली, पण मला माहीत नव्हती. आमच्या कामात पहिला धडा असतो, कुठलीही फाईल बदलण्याआधी मूळची एक प्रत बाजूला ठेवावी. तोवरच्या पाच वर्षांत हा धडा हातात इतका मुरला होता की पाप करतानाही हाताने आधी प्रत काढून ठेवली आणि मग पाप केलं. खुनी माणसाने सुरा धुऊन, पुसून, जागेवर ठेवावा आणि शेजारी पंचनामा लिहून ठेवावा, तशातली गत. किशोरीने ती जुनी फाईल वाचली, मग लॅबच्या फोल्डरमध्ये जाऊन नवी वाचली, मग दोन्हींत फरक काय तो यंत्राला विचारला. यंत्राने दोन ओळी दाखवल्या असणार. त्यानंतर बावीस मिनिटं तिने काहीच टाईप केलेलं नव्हतं. बावीस मिनिटांनंतर तिने भरलेली जागा मोकळी केली, सर्व्हर चालू झाला की नाही ते तपासलं, आणि बाहेर पडली.

मी पाचव्या दिवशी घरी आलो तेव्हा ती भाकऱ्या करत होती. तव्यावरून डोळे न काढता म्हणाली, आता बास, मला सुया नकोत. मी म्हणालो, तुला हवं तसं. मला एवढं सुटल्यासारखं वाटलं होतं की मी तिच्या तोंडाकडे बघितलंही नाही. आई मात्र थांबली नाही. बाबा गेले, तशी तिची जीभ सैल झाली. वंशाला दिवा नाही, खोडालाच कीड, असं ती शेजारणीला सांगायची, किशोरीला ऐकू जाईल इतक्या बेताने. आणि दोरे. किशोरी दंड पुढे करायची. तीन वर्षं दंड पुढे केला तिने, सगळं माहीत असून. आणि मी नसेन तेव्हा लॉगिन होऊन काय करायची, ते आता समोर दिसत होतं: मशीन ठीक आहे ना ते बघायची, आणि जाता जाता एकच कमांड द्यायची. लॅबमधल्या त्या फाईलीची तारीख बघायची. उघडायची नाही. फक्त तारीख. ती बदललीय का, म्हणजे मी ती फाईल परत खरी केलीय का. एकवीस वेळा तिने ती तारीख बघितली होती. मंगळवारची एकविसावी.

सव्वा वाजता मी गॅलरीत जाऊन तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. जेवलीस का, असं विचारलं. बसतेच आहे म्हणाली, ती बाई आली का. चारला येणार, मी म्हणालो. पलीकडे कीबोर्डची टकटक चालू होती, ती थांबली.

"मंग आज पासवर्ड देनार तिला."

"हो."

"कुंदन, द्यायच्या आधी ती फाईल काढ तुझ्यातली. परक्या बाईनं कशाला बघायची."

कुठली फाईल, असं मी विचारलं नाही. आयुष्यात निदान एवढं तरी केलं. मी विचारलं की मग तूच का नाही काढलीस इतक्या दिवसांत, तुझ्या हातात तर सगळंच होतं.

"मना किल्ली ठेवायला दिलेलीस तू," ती म्हणाली. "पेटी खाली करायला नाय."

"मग बोलली का नाहीस?"

खालून एक ट्रक हॉर्न देत गेला, तो तिलाही ऐकू गेला असेल. "तू सांगशील म्हनून," ती म्हणाली, आणि जेवून घे, असं सांगून तिने फोन ठेवला.

मी जेवलो नाही. खुर्चीवर येऊन बसलो आणि फाईलीच्या नावापुढे चमकणारी ती बारीक रेघ बघत राहिलो. ती सांगते तसं जुनी फाईल काढून टाकली की झालं, मिताली येईल, सगळं स्वच्छ दिसेल, आणि मला कुणी काही म्हणणार नाही. पण मग त्या यंत्रावर फक्त खोटं राहील. दोष किशोरीत आहे असं सांगणारा एकच कागद राहील, आणि चारनंतर तो बदलायची ताकदही माझ्यात राहणार नाही. माझ्या अब्रूसाठी ती स्वतःवरचा आरोप कायमचा करून घ्यायला तयार होती, आणि वर जेवून घे म्हणत होती. मला रडायला आलं. ऑफिसात रडायची सोय नसते, म्हणून मी शिंकल्यासारखं केलं. मग मी जुनी फाईल उचलून नवीच्या जागी ठेवायची कमांड दिली. यंत्राने विचारलं, तिथे आधीच एक फाईल आहे, तिच्यावर लिहू का. हो, म्हटलं. तारीख मागे नेली नाही. आजची तारीख, आजची वेळ, माझं नाव. या वेळी प्रतही ठेवली नाही. एक कागद छापून घेतला आणि घडी करून खिशात टाकला.

मिताली चारला पाच कमी असताना आली, तिशीची, हसरी, पाण्याची बाटली स्वतःची. तिने भराभरा सगळं तपासलं. आजच्या बदलांची यादी काढली आणि म्हणाली, सर, ही लॅबची फाईल आज दुपारी बदललीय. मी म्हणालो, माझा स्वतःचा रिपोर्ट आहे, मी पूर्वी त्यात खोटं लिहिलं होतं, आज खरं परत ठेवलं. तिचे हात कीबोर्डवर थांबले. मला लेखी नोंद करावी लागेल, आणि लॅबला कळवावं लागेल, म्हणाली. करा, मी म्हणालो. सत्यजीत सर माझ्याकडे बघत राहिले आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले. तिने नवा पासवर्ड टाईप केला तेव्हा मी रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. नंतर सवयीने एक फोल्डर उघडायला गेलो, तर यंत्राने सांगितलं, परवानगी नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा. नोकरी राहील की जाईल ते सोमवारी कळवू म्हणाले, आणि मी जिना उतरलो.

घरी जायला हवं होतं. मोटारसायकल काढली आणि गव्हाण फाट्याच्या दिशेने वळवली. गावी जाऊन आईला सांगून टाकू, मग किशोरीसमोर जाऊ, म्हणजे जाताना हातात काहीतरी केलेलं असेल, असं डोक्यात होतं. जासईला नेहमीसारखे कंटेनर एकमेकांच्या शेपट्या धरून उभे होते. ऊन तिरपं झालं होतं, धुरळ्याने दात करकरत होते. मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होतो आणि दर वेळी ते वेगळं निघत होतं, दर वेळी त्यात कुठेतरी डॉक्टर यायचा, लॅब यायची, बाबांचा दहावा यायचा, आणि मी मागे सरकायचो. तेवढ्यात तिचा फोन आला. कुठे आहेस, विचारलं. जासई, म्हणालो, आयेकडे चाललोय, सगळं सांगायला.

"येकटाच?"

"हो."

"तिथंच थांब," ती म्हणाली. "सोळा महिने सुया मी खाल्ल्यात. सांगशील तवा मी समोर पायजे."

मी पाऊण तास एका टायरवाल्याच्या दुकानापुढे उभा राहिलो. निघून जावंसं वाटत होतं, पुढेही आणि मागेही. ती उरणच्या एसटीतून उतरली, घरच्याच साडीवर, हातात छत्री. मी खिशातला कागद पुढे केला. तिने तो उघडला, खालची तारीख बघितली, बराच वेळ बघितली, आणि घडी करून पर्समध्ये टाकला. आयेला वाचता येत नाय, तोंडानं सांग, एवढंच म्हणाली आणि मागे बसली. रस्ताभर तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. मागच्या दांडीला धरलं होतं तिने.

आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. दोघं अचानक कसे, असं म्हणत उठली, पाणी दिलं, आणि माझी तब्येत उतरलीय असं दर वेळचं म्हणाली. किशोरीशी बोलली नाही. मग काहीतरी आठवून आत गेली आणि मुठीत लाल दोरा घेऊन आली. कुणा सोनाबाईच्या सुनेला याच देवाचा गुण आला होता. तिने नेहमीसारखं किशोरीला खुणावलं, आणि किशोरी नेहमीसारखी दंड पुढे करणार, तोच मी मधे हात घातला. ठरवलेलं वाक्य एकही आठवलं नाही.

"तो दोरा मना बांध, आये," मी म्हणालो. "दोष माझ्यात हाय. पयल्यापासून. मना म्हाईत होतं, मी लपवलं, न् तिच्यावर ढकललं."

आईने माझ्याकडे बघितलंच नाही. ती किशोरीकडे बघत राहिली.

"तुला ठावं होतं?"

"तीन वर्सं," किशोरी म्हणाली.

आईच्या हातातला दोरा सुकटीवर पडला. तो तिने उचलला नाही, माझ्या हाताकडेही तिचं लक्ष गेलं नाही. हात तसाच पुढे राहिला होता. तिने किशोरीला ओट्यावर खाली बसवलं, तिची बाही वर सारली, आणि दंडावरचे एकावर एक बांधलेले, काळे पडलेले दोरे सोडायला लागली. सगळ्यात खालची गाठ इतक्या वर्षांत कातडीत रुतून बसली होती, बोटांनी सुटेना, तेव्हा तिने खाली वाकून ती दातांत धरली.